व्हॅनचा पुढचा लोअर आर्म बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या ओट्याला लागून एक पांढरी मारुती इको व्हॅन उभी असते. घरच्या मसाल्यांच्या आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी तिच्यातून जातात. तिच्या आधी ओम्नी होती. दोन्ही गाड्यांचे पुढचे आर्म मी ओट्यासमोरच बदलले. ओम्नीचे चुकीचे बसवले, इकोचे बरोबर. तेव्हापासून भाऊबंद, शाळेच्या व्हॅनवाले आणि वहिनीच्या माहेरची मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. घाई असेल तर बाकीचं सोडा, पण "हवेत आवळू नका म्हणजे काय" हा प्रश्न वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

लोअर आर्म म्हणजे नेमका कुठला भाग?

पुढच्या चाकाच्या मागे वाकून पाहिलं की चाकापासून गाडीच्या मध्याकडे जाणारी लोखंडी पट्टी किंवा त्रिकोणी पत्र्याचा हात दिसतो, तो लोअर आर्म. आतल्या बाजूला तो क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईला, रबरी बुशांवर टांगलेला असतो. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि तो नकलमध्ये अडकतो. नकल म्हणजे चाकाचा हब ज्यावर बसतो तो ओतीव तुकडा.

ओम्नी आणि इको दोन्हींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात ही रचना मांडली. तिचा फायदा असा की वरचा आर्म लागतच नाही, वरची जागा शॉकअप आणि स्प्रिंग मिळून सांभाळतात. तोटा असा की खालचा आर्म एकटा पडतो. चाक बाहेर पळू न देणं, ब्रेक मारल्यावर मागे सरकू न देणं, वळताना जागेवर धरणं, हे सगळं त्या दोन बुशांवर आणि एका बॉल जॉइंटवर येतं. व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली आणि चालकही जवळपास चाकाच्या वर बसलेला, त्यामुळे पुढच्या भागाला आराम असा नसतोच.

आर्म गेलाय हे कसं ओळखायचं?

पहिली खूण आवाज. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पायाखाली "टक्" होतं. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की एकदा, मग पुढे घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एकदा टक् झालं, तर बुशवर संशय घ्या. रबर फाटल्यामुळे आर्म पुढे-मागे सरकतोय. दुसरी खूण, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सतत सावरावं लागतं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. तिसरी, टायर आतल्या काठाने घासलेला.

खात्री करायची तर पुढचं चाक उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. चाक घड्याळाच्या बारा आणि सहा या जागी धरून आलटून पालटून ढकला-ओढा. खेळ जाणवला तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंट पाहा. बोट जॉइंटच्या सांध्यावर ठेवा. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. तीन आणि नऊ वाजताच्या जागी खेळ असेल तर तो बहुधा टाय रॉड एंडचा (स्टेअरिंगचा दांडा नकलला जोडणारा सांधा) किंवा स्टेअरिंग बॉक्सचा, आर्मचा नाही.

बुशसाठी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घ्या. आर्म आणि क्रॉस मेंबरच्या मध्ये घालून हलका जोर द्या. रबर थोडं दबणारच, ते त्याचं काम आहे. पण आर्म लगेच लोखंडाला लोखंड लागेपर्यंत सरकला, किंवा रबरात गोल चीर दिसली, तर बुश संपलाय.

इथे एक मुद्दा बरेच मिस्त्रीसुद्धा गोंधळून सांगतात. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्प्रिंगवाटे थेट नकलवर येतं, खालच्या बॉल जॉइंटवर येत नाही. म्हणून चाक लोंबकळत असताना केलेली तपासणी इथे चालते. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे आर्मखाली जॅक देऊन तपासावं लागतं. एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका.

आवाज तर येतोय, पण लिंकचाही असू शकतो ना?

असू शकतो, आणि पुष्कळदा असतोही. स्टॅबिलायझर म्हणजे डाव्या-उजव्या आर्मना जोडणारा आडवा बार, आणि लिंक म्हणजे त्याच्या टोकाचा छोटा जोडदांडा. त्याचे बुश किंवा लिंक हे आर्मपेक्षा स्वस्त, म्हणून आधी तेच पाहा. लिंकचा आवाज बारीक, पटापट खडखड असा येतो, विशेषतः एकच चाक खड्ड्यात गेलं की. बुशचा आवाज जड आणि एकेरी. अर्थात कानाला हे कळायला दोन-तीन वेळा फसावं लागतं.

नुसते बुश बदलले तर नाही चालणार?

चालेल, जर आर्म सरळ असेल, कुठे गंजून पातळ झाला नसेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर. बुश काढायला-बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. काही जण मोठ्या सॉकेटवर ठेवून घणाने ठोकतात. बुशचं बाहेरचं कडं वाकलं की तो तिरका बसतो आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच काम निघतं. प्रेसवर दाबतानाही रबराला साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको.

माझं मत विचाराल तर गाडी आठ-दहा वर्षांची असेल आणि तिन्ही सांधे मूळचेच असतील, तर पूर्ण आर्म घ्या. एकदा उघडझाप केल्यावर चार महिन्यांनी बॉल जॉइंटसाठी पुन्हा गाडीखाली जाण्यात शहाणपणा नाही.

एकाच बाजूचा बदलला तर?

अपघातात किंवा खड्ड्यात आदळून वाकला असेल तर एकच बदला. वयाने गेला असेल तर दोन्ही. डाव्या आणि उजव्या चाकाने तेवढेच किलोमीटर काढलेत, आणि आपल्याकडे तर डावं चाक रस्त्याची कड, खड्डे आणि गटाराच्या जाळ्या जास्त खातं.

पार्ट घेताना काय पाहायचं?

गाडीचं वर्ष, मॉडेल आणि शक्य असेल तर जुना आर्मच पिशवीत घालून न्या. डावा-उजवा वेगळा असतो, हे दुकानदाराला माहीत असतं. घाईत आपणच विसरतो. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. इतक्या वर्षांत बारीक बदल झालेले असतात, तेव्हा "ओम्नीचा द्या" एवढं सांगणं पुरेसं नाही. इको २०१० मध्ये आली. इको आणि ओम्नी यांचे आर्म एकमेकांना लागत नाहीत, एखादा विक्रेता कितीही छातीठोकपणे सांगो.

हातात घेतल्यावर वेल्डिंगची रेघ सलग आहे का पाहा. बॉल जॉइंटचा स्टड हाताने फिरवा: जोर लागला पाहिजे, पण तो सगळीकडे सारखा लागला पाहिजे. अगदी सैल किंवा मध्येच अडकणारा परत करा. रबरी बूट (बॉल जॉइंटवरचं रबराचं टोपण) आणि त्याच्या कड्या नीट बसलेल्या हव्यात. जुना आणि नवा शेजारी ठेवून भोकांमधलं अंतर जुळवा. दुकानाच्या काउंटरवरच करा, घरी आल्यावर नव्हे.

नट-बोल्ट आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालून टोकं वाकवायची पिन) नवीनच घ्या. नायलॉनची रिंग असलेला नट एकदा सोडला की त्याची पकड जाते.

कोणती हत्यारं लागतात?

दोन टनांचा जॅक, दोन स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे. १४, १७ आणि १९ नंबरचे गोटी पाने (सॉकेट) आणि तेवढेच रिंग पाने. लांब टॉमी किंवा नुसता पाइप. मध्यम हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मापाची टेप. आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना. सियागंजात हत्यारांच्या दुकानांतून हे सगळं मिळतं. टॉर्क रेंच महाग वाटला तर ओळखीच्या कुणाकडून दोन दिवसांसाठी मागा, पण त्याच्याशिवाय करू नका. बॉल जॉइंट काढायचा काटा मिळाला तर उत्तम. नसला तरी भागतं, ते पुढे सांगतो.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम केलं तर?

नाही.

विटांवरही नाही. वीट न सांगता फुटते. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि ती जमिनीवरच आहेत, हे आपल्या बाजूचं. तरी ठोकळे लावा आणि गिअरमध्ये ठेवा. आपल्याकडे बऱ्याच घरांसमोर कोटा फरशी असते. पॉलिश केलेल्या फरशीवर स्टँडचा पाय घसरतो किंवा फरशीच तडकते, म्हणून प्रत्येक पायाखाली प्लायवुडचा तुकडा द्या. जॅक आणि स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. खालच्या पातळ पत्र्यावर जॅक दिला की पत्रा आत जातो, आणि तो डाग कायमचा राहतो.

पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललं की स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि त्याची टोकं सोडताना-बसवताना आर्मशी कुस्ती खेळावी लागते.

नट हलतच नाहीत. काय करू?

आदल्या रात्री गाडीखाली जाऊन स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. त्याआधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी होते. तिच्या थरावर स्प्रे मारून काही उपयोग नाही. मग रिंग पाना किंवा गोटी लावा, उघड्या तोंडाचा फाकडा पाना नको, नटाचे कोपरे जातील. पाइप लावून एकसारखा, हळूहळू वाढवत जोर द्या. झटके मारल्याने बोल्ट तुटतो.

गरम करायची वेळ आली तर गॅसची ज्योत बुशजवळ नेऊ नका, रबर पेटतं. आणि सीएनजीची गाडी असेल तर ज्योत हा विषयच बंद. तिथून गाडी मिस्त्रीकडे न्या.

बॉल जॉइंट नकलमधून निघत नाही.

आधी पाहा की तुमच्या गाडीत तो कसा धरलेला आहे. दोन प्रकार असतात.

पहिल्या प्रकारात स्टड निमुळता असतो आणि खाली किंवा वर खाचांचा नट व स्प्लिट पिन असते. हा निमुळता भाग नकलच्या भोकात पाचरीसारखा रुतून बसतो. नट सोडूनही तो जागचा हलत नाही, म्हणून लोक स्टडच्या टोकावर हातोडा मारतात. त्याने आटे बसतात, सांधा काही सुटत नाही. नट शेवटच्या दोन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सुटला तर आर्म अंगावर पडणार नाही. मग नकलच्या ज्या कानात स्टड बसलाय, त्या कानाच्या बाजूवर आडवे, ठाम दोन-चार घाव घाला. धक्क्याने भोक क्षणभर आकार बदलतं आणि पाचर सुटते. काटा वापरलात तर बूट फाटतो, पण आर्म टाकूनच द्यायचा असेल तर फाटू दे.

दुसऱ्या प्रकारात स्टड सरळ असतो, त्याला एक खाच असते, आणि नकलची चिरलेली पकड एका आडव्या बोल्टने त्याला चिमटते. हा बोल्ट सैल करून भागत नाही, कारण तो खाचेतून आरपार गेलेला असतो. तो पूर्ण बाहेर काढा. मग चिरेत चपटी छिन्नी किंचित घालून पकड उघडा, किंचितच. जास्त फाकवलीत तर नकल तडकू शकते.

व्हॅनवाल्यांचं एक सुख इथे सांगायलाच हवं. ओम्नी आणि इको या दोन्ही गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जातात. त्यामुळे पुढच्या नकलमध्ये ड्राइव्ह शाफ्ट नाही. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारींत नकल बाहेर ओढली की शाफ्टचा सांधा सुटायची भीती असते. ती आपल्याला नाही. फक्त ब्रेकचा होज, आणि एबीएस असलेल्या गाडीत सेन्सरची वायर, यांवर ताण येऊ देऊ नका.

नवा आर्म बसवायचा क्रम काय?

सुरुवात गाडी जमिनीवर असतानाच होते. टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि कागदावर लिहा. हे का, ते पुढच्या उत्तरात. चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला.

चाक काढा. स्टॅबिलायझरचं टोक आर्मपासून सोडा. बॉल जॉइंट सोडा. मग आतले बुशचे बोल्ट काढा. कोणता बोल्ट कुठून कोणत्या दिशेने घातला होता, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्या मेहुण्यांनी नाही काढला, आणि एक बोल्ट उलटा घातल्यामुळे स्टॅबिलायझर घासत राहिला. आर्म बाहेर आला की क्रॉस मेंबरच्या कानांमधली माती आणि गंज ब्रशने काढा. भोकं लांबट झालीत का, तडे गेलेत का पाहा. तडा असेल तर काम तिथेच थांबवा.

नवा आर्म आधी आतल्या बाजूने लावा. बोल्ट हाताने फिरवून नट हातानेच बसवा, आवळू नका. मग बॉल जॉइंट नकलमध्ये घालून त्याचा नट पूर्ण मापाने आवळा. बॉल जॉइंट कुठल्याही स्थितीत आवळता येतो, कारण त्यात रबर पिळलं जात नाही. स्टॅबिलायझरचं टोक परत लावा. बुशचे बोल्ट मात्र अजून सैलच राहू द्या.

"हवेत आवळू नका" म्हणजे काय?

माझी ओम्नी याच ठिकाणी चुकली.

बुशच्या मध्यभागी लोखंडी नळी असते, बाहेर लोखंडी कडं, आणि मध्ये रबर दोघांना चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी क्रॉस मेंबरच्या कानांत चिमटून घट्ट होते, ती फिरत नाही. बाहेरचं कडं आर्ममध्ये घट्ट, तेही फिरत नाही. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच घसरत नाही, फक्त मधलं रबर पिळलं जातं. आपल्याला वाटतं बुश म्हणजे बिजागरी. तसं नाही. तो एक रबराचा पीळ आहे, आणि ज्या कोनात तुम्ही बोल्ट आवळला तो कोन त्याच्यासाठी "सरळ" ठरतो.

आता गाडी स्टँडवर आहे, चाक लोंबकळतंय, आर्म खाली झुकलाय. त्याच स्थितीत बोल्ट आवळला आणि गाडी खाली उतरवली. आर्म वर आला, रबर पिळलं गेलं, आणि गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच राहिलं. ओलं धोतर पिळून तसंच दोरीवर टांगल्यासारखं. त्यावर खड्डा आला की पीळ आणखी वाढतो. माझ्या ओम्नीचे नवेकोरे बुश चौथ्या महिन्यात फाटले. मी पार्टला शिव्या दिल्या, दुकानदाराशी भांडलो, त्याने बदलूनही दिले. ते परत हवेतच आवळले. दुसऱ्यांदा फाटल्यावर एका जुन्या मिस्त्रीने बुश हातात घेऊन रबरातली चीर दाखवली. चीर एका बाजूलाच, एकाच दिशेची. "ये लटका के कसा है," एवढंच म्हणाला.

योग्य पद्धत अशी. आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटच्या जवळ, जॅक लावा आणि मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा. हळूहळू वर उचला. मघाशी कागदावर लिहिलेलं अंतर आठवा: हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर तेवढंच झालं की थांबा. आता आर्म गाडी जमिनीवर उभी असताना असतो त्याच कोनात आहे. आता बुशचे बोल्ट मापाने आवळा. अंतर जुळायच्या आधीच गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर पुढे जाऊ नका. अशा वेळी चाकं लावा, चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड, रुंद आणि लांब फळ्या देऊन गाडी उतरवा, पुढे-मागे हात-दीड हात ढकला, बोनेटकडून दोनदा दाबा आणि मग खाली हात घालून आवळा. गैरसोयीचं आहे, पण बरोबर आहे.

मोजताना गाडी नेहमीसारखी असू द्या. मागे दोन क्विंटल सामान ठेवून मोजलेलं अंतर कामाचं नाही.

किती जोराने आवळायचं?

आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. बॉल जॉइंटचा, पुढच्या बुशचा आणि मागच्या बुशचा आकडा वेगवेगळा असू शकतो, आणि शेजाऱ्याच्या मोटारीचा आकडा इथे चालत नाही.

मॅन्युअलमध्ये माप न्यूटन-मीटरमध्ये असतं, आणि आपल्या बाजारातल्या बऱ्याच रेंचवर किलो-मीटरही (किलो गुणिले मीटर, अंतराचं किलोमीटर नव्हे) असतं. एक किलो-मीटर म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो: ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की ६ किलो-मीटर, म्हणजे जवळपास ५९ न्यूटन-मीटर. पाइप लावून लांबी दुप्पट केली तर त्याच जोराने दुप्पट, आणि हाताला कळतही नाही. बोल्ट तुटतात ते अशानेच.

मॅन्युअल सांगत नसेल तर आट्यांना तेल लावू नका. तेलाने घर्षण कमी होतं, रेंच तोच आकडा दाखवतो, पण बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

नट आवळताना स्टडच गोल फिरतो.

आर्मच्या टोकाखाली जॅक देऊन हलकं दाबा. निमुळता भाग भोकात रुतला की फिरायचं थांबतं.

स्प्लिट पिनचं भोक खाचेसमोर येत नाही, तर नट थोडा सैल करू?

सैल कधीच नाही. आणखी थोडा आवळून पुढची खाच भोकासमोर आणा. पिन नवी, आणि तिची टोकं दोन्हीकडे वाकवलेली. जुनी पिन सरळ करून परत घालणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते.

व्हील अलाइनमेंट करावंच लागतं का?

हो. भोकांची जागा मिलिमीटरने इकडे-तिकडे झाली तरी टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो. या व्हॅनांत टो टाय रॉडने जुळवता येतो. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा झुकाव, बहुतेक वेळा मुद्दाम जुळवायची सोय नसते, म्हणून कॅम्बर फारच बाहेर दाखवत असेल तर काहीतरी वाकलंय असं समजा. आर्म बदलायच्या आधी अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि बॅलन्सिंग हे वेगळं काम; ते केलं म्हणजे अलाइनमेंट झालं असं नव्हे.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासा, चाकाचेसुद्धा.

चाचणी कुठे घ्यायची?

पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. तो आपल्यासाठी नाही. आपल्याला गल्लीतला स्पीडब्रेकर आणि एक रिकामा रस्ता पुरतो. आधी वीसच्या वेगाने ब्रेक मारून पाहा, मग चाळीसच्या. स्टेअरिंग सोडून पाहायचं धाडस करू नका.

मी स्वतः करणार नाही, मिस्त्रीकडे देणार आहे. त्यांना हे कसं सांगू?

हा प्रश्न सर्वांत नाजूक. वीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला आपण मोबाइलवर वाचून शिकवायला गेलो तर तो काम करेल, पण मनातून करणार नाही. मी सुरुवातीला आकडे आणि रबराचा पीळ समजावत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिफ्टवरच आवळलं. आता मी काम सुरू व्हायच्या आधी चहा मागवतो आणि एवढंच म्हणतो, "भिया, बुश के बोल्ट गाड़ी उतार के ही कसना, पिछली बार मेरे फट गए थे." आपली फजिती आधी सांगितली की समोरच्याला ते शिकवणं वाटत नाही. आणि शेवटी गाडी उतरवताना तिथेच उभं राहायचं. पोहे खायला बाहेर जायचं नाही.

चार खांबांच्या, चाकांवर गाडी उभी राहते अशा रॅम्पवर काम होत असेल तर शेवटचं आवळणं चाकं टेकवून वजनावर करता येतं. अलाइनमेंटच्या दुकानात असाच रॅम्प असतो. तिथेच बुशचे बोल्ट एकदा सोडून परत आवळायला सांगणं हा सोपा मार्ग आहे, फक्त अलाइनमेंट सुरू करायच्या आधी.

वाकलेला आर्म गरम करून सरळ केला, किंवा तडा वेल्ड केला तर?

हा भाग तुटला तर चाक गाडीखालून निसटतं. कबाडीत टाका.

आवाज येतोय, पण रविवारी ओंकारेश्वरला जाऊन येऊ का?

कशाचा आवाज आहे त्यावर आहे. बुश थोडे घासलेत, खेळ कमी आहे, तर गाडी हळू चालवून शहरातल्या शहरात दोन-चार आठवडे निघतात. बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर गाडी गल्लीच्या बाहेरही नेऊ नका. तो सुटला तर नकलचा खालचा भाग बाहेर फेकला जातो, चाक आडवं होतं आणि स्टेअरिंग हातात असूनही नसल्यासारखं. खंडवा रोडचा घाट उतरताना हे झालं तर काय, याचा विचार तुम्हीच करा. नर्मदामैया पुढच्या रविवारीही तिथेच असेल.

पावसाळ्यानंतर गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल मारतात, ते चांगलं ना?

पत्र्याला कदाचित, रबराला नाही. खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ होतं आणि लवकर फाटतं. बुश, बूट, होज, सगळ्यांनाच. नुसत्या पाण्याच्या प्रेशरने काळी माती काढून टाका आणि वाळू द्या, तेवढं पुरे. प्रेशरचा झोत बॉल जॉइंटच्या बुटावर जवळून मारू नका. बुटाला भेग दिसली तर आत पाणी आणि माती गेलीच आहे असं धरा. वरून ग्रीस भरून काही होत नाही.

किती वेळ लागतो?

पहिली बाजू तीन तास, दुसरी दीड. गंजलेला बोल्ट असेल तर अर्धा दिवस. संध्याकाळी पाचनंतर सुरू करू नका. अंधारात घाई होते, आणि घाईत शेवटचं आवळणं हवेतच होतं.

जुन्या आर्मचं काय करू?

नवा लागल्याची खात्री होईपर्यंत ठेवा, मग कबाड्याला द्या, लोखंड आहे. तेलकट चिंध्या आणि फाटके बूट मात्र ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सकाळच्या गाडीवरचा मुलगा डब्यात डोकावून पाहतो, आणि आमच्या गल्लीत त्याने एकदा माझी चिंधी काढून सगळ्यांसमोर परत हातात दिली होती.